चाकू म्यानात का गंजतो?

संग्रहातलं पातं वापरून फारसं खराब होत नाही, ठेवून होतं. त्यातही आपल्या बेळगाव भागात ते बहुतेक वेळा फार जपून ठेवल्यामुळे होतं. वस्तू मोलाची म्हणून माणूस ती मऊ फडक्यात गुंडाळतो, चामड्याच्या म्यानात सारतो, ट्रंकेच्या तळाशी घालतो आणि वर कुलूप लावतो. मे महिन्यात आत गेलेली ही वस्तू खंडेनवमीला बाहेर निघते तेव्हा म्यानाच्या शिवणीची रेघ पात्यावर उमटलेली असते. रेघ तपकिरी, कडेला काळे ठिपके, आणि ठिपक्यावरून नख फिरवलं तर ते अडकतं. मग दोष कधी स्टीलला, कधी लोहाराला, कधी तेल लावणाऱ्याला दिला जातो. म्यानावर मात्र कुणाचा संशय जात नाही.

हा लेख पातं मुठीत कायमचं बसवलेल्या, म्हणजे न मिटणाऱ्या चाकू-सुऱ्यांबद्दल आहे. आपल्याकडे अशा वस्तू वाटतात त्यापेक्षा जास्त घरांत असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे फौजेतून आलेल्या माणसाच्या घरी एखादी खुकरी असतेच. कुणाकडे पणजोबांची कट्यार असते, कुणी कोडगूच्या (कुर्गच्या) सहलीतून पीचेकत्ती, म्हणजे तिथला कमरेचा खंजीर, आणलेली असते, कुणी लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याची सुरी घडवून घेतलेली असते. अलीकडे ऑनलाइन मागवलेले स्टेनलेसचे चाकूही आलेत. या सगळ्यांची मूठ वेगळी, स्टील वेगळं, किंमत वेगळी; पण सगळ्यांचा शत्रू एकच आहे, हवेतलं पाणी. ते पात्यापर्यंत कसं पोचतं हे एकदा समजलं की काय विकत घ्यायचं आणि काय फेकून द्यायचं हे आपोआप कळतं.

थेंबाखाली काय चालतं

लोखंड गंजायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात. ऑक्सिजन तर सगळीकडे आहे, त्याला अडवणं कठीण. म्हणून सगळा खेळ पाण्याचा. गंमत अशी की थेंब दिसलाच पाहिजे असं नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेली की स्वच्छ दिसणाऱ्या स्टीलवरही गंजण्याचा वेग वाढायला लागतो, कारण पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो. धूळ असेल, बोटांचा घाम असेल, तर याच्याही आधी.

आता समजा पात्यावर पाण्याचा एक बारीक थेंब आहे. थेंबाच्या कडेला हवा जवळ, म्हणजे ऑक्सिजन भरपूर. मधोमध तो कमी पोचतो. या फरकामुळे थेंबाच्या मध्यभागी लोखंड विरघळून पाण्यात उतरतं, इलेक्ट्रॉन धातूतून कडेकडे जातात, तिथला ऑक्सिजन ते घेतो. तांबडा गंज साठतो कडेच्या बाजूला, खड्डा पडतो मध्यभागी. म्हणजे जिथे हवा पोचत नाही तिथेच स्टील खाल्लं जातं. ‘हवा लागू नये म्हणून गच्च गुंडाळून ठेवलं’ हा युक्तिवाद इथेच कोसळतो. ओलं फडकं, चामडं, स्पंज पात्याला चिकटून असलं की तीच दशा होते, फक्त थेंबाऐवजी सगळ्या कापडाखाली.

मीठ या कामाला वेग देतं. साधं मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतून पाणी ओढून स्वतः विरघळतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत हेच होतं. माणसाच्या घामात मीठ असतं. म्हणजे पात्यावर बोट टेकवलं, ठसा वाळला, मे महिन्यात काही झालं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात आर्द्रता ७५ ओलांडते आणि तो वाळलेला ठसा पुन्हा द्रव होतो. जुलैत ठशाच्या रेषांसकट गंज उमटतो. चोराचा माग काढावा इतका स्पष्ट. बेळगावात जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्या आकड्याच्या वर असते, त्यामुळे पाहुण्याला वस्तू दाखवली की पातं पुसूनच परत ठेवायचं. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन एक हात फिरवला की घामाचा ठसा आणि तेलकटपणा बराचसा निघतो. मग नव्याने तेल.

दवबिंदूचंही एक गणित ध्यानात ठेवावं. हवा २५ अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर साधारण २३ अंशांना दव धरायला लागतं. म्हणजे पातं खोलीपेक्षा दोनच अंशांनी गार असलं तरी पुरे. रात्रभर गार पडलेली लोखंडी ट्रंक सकाळी उघडली, स्वयंपाकघरातली वाफाळ हवा आत शिरली की तेवढा फरक सहज पडतो. हीच हवा ६० टक्के आर्द्रतेची असती तर दव धरायला १७ अंशांपर्यंत उतरावं लागलं असतं, आणि बंद खोलीत पावसाळ्यात ते होत नाही.

हिरडा, बाभूळ आणि लोखंड

आता म्यानाकडे येऊ. चामड्याला कमवायच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एक वनस्पतीच्या टॅनिनने, दुसरी क्रोमियमच्या क्षारांनी. आपल्या भागाला पहिली तऱ्हा जन्मापासून ठाऊक. अथणी, निपाणी भागात जी कोल्हापुरी चप्पल होते तिचं कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं असतं. (या चपलेला २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्रातले ४ आणि कर्नाटकातले ४ जिल्हे आहेत, बेळगाव त्यातला एक. सीमाप्रश्न चपलेपुरता तरी सुटला म्हणायचा.) हेच जाड, कडक कातडं म्यानाला उत्तम. शिवायला चांगलं, घडी धरतं, पात्याच्या आकाराला बसतं.

पण टॅनिन आणि लोखंड एकत्र आले, मध्ये थोडं पाणी असलं, की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून शाई करत, ती याच रसायनाची. म्यानात ठेवलेल्या कार्बन स्टीलच्या पात्यावर निळसर काळे डाग पडतात ते तेच. त्यात चामड्यात थोडी आम्लता असते. शिवाय चामडं पापडासारखं सादळतं. हवेत पाणी असलं की शोषून घेतं आणि सहजासहजी सोडत नाही. कमावताना मीठ उरलेलं असलं तर आणखी भर. क्रोमचं चामडंही सुटका करत नाही, त्यातल्या क्षारांचा वेगळा त्रास.

पितळेची परज (मुठीपुढची आडवी पट्टी) किंवा पितळेची रिव्हेट म्यानाला टेकून असली की तिथे हिरवट मेण जमतं. चामड्यात मुरवलेलं तेल-चरबी आणि पितळेतलं तांबं यांचा तो साबण. हा हिरवा चिखल बांबूच्या काडीने काढावा, पितांबरीने घासू नये. घासलेली भुकटी मुठीच्या फटीत जाऊन बसते आणि आतल्या आत काम चालू ठेवते.

म्हणून सरळ नियम करून टाकावा: म्यान बाहेर नेताना, घरी पातं वेगळं आणि म्यान वेगळं. म्यानाला आपापल्या मापाचा लाकडी किंवा पुठ्ठ्याचा तुकडा आत घालून उभं ठेवलं की आकारही जात नाही. दोन्हींवर एकच नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधली की कुणाचं म्यान कुणाला हा घोळ राहत नाही. कायडेक्सची (हेही एक कडक प्लास्टिकच) किंवा साध्या प्लास्टिकची म्यानं पाणी शोषत नाहीत हे खरं, पण आत शिरलेलं पाणी आणि वाळूचे कण सोडतही नाहीत, आणि पातं आत-बाहेर करताना ओरखडे पडतात. लाकडी म्यान त्यातल्या त्यात बरं, तेही कोरडं असेल तर.

‘माझा तर स्टेनलेस आहे’ असं म्हणणाऱ्याला एवढंच सांगायचं, की स्टेनलेस म्हणजे न गंजणारं असा अर्थ धरू नये. स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो, ओरखडा पडला तरी पुन्हा भरून येतो. मात्र तो भरून यायला ऑक्सिजन लागतो. घामट, खारट चामड्याखाली ऑक्सिजन पोचला नाही की थर भरत नाही आणि टाचणीच्या टोकाएवढे खोल खड्डे पडतात. कारवारकडच्या घरात, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, हे जास्त दिसतं. डी-२ सारख्या चाकूंच्या स्टीलमध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं, पण त्यातलं बरंचसं कार्बनने धरून ठेवलेलं असतं, म्हणून ते अर्धवटच स्टेनलेस. आणि कमानपाट्याची सुरी? तिच्यात क्रोमियम असलंच तर एखाद्या टक्क्याच्या आत. ती गंजणारच, लक्ष ठेवलं नाही तर.

आपला तालुका कोणता

इंटरनेटवरचे सल्ले बहुतेक कोरड्या, थंड देशांतले असतात. तिथला माणूस ‘खोलीत रॅकवर टांगा’ म्हणतो आणि त्याचं चुकत नाही. आपल्याकडे मात्र एकाच सीमाभागात तीन हवामानं आहेत.

खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी, आमगाव, चोर्ला घाटाच्या बाजूला पाऊस धो धो कोसळतो. मलप्रभा उगम पावते तो हाच मुलूख. चिऱ्याच्या भिंतींना आतून ओल येते, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. इथे उघड्या रॅकवर पातं टांगणं म्हणजे गंजाला आमंत्रण. हवाबंद डबा हाच मार्ग. बेळगाव शहर, निपाणी, चिकोडी या मधल्या पट्ट्यात पावसाळ्यात डबा आणि बाकीचे सात-आठ महिने उघडं कपाट, असं जमतं. अथणी, रायबागकडे उलटा प्रश्न. तिथे पात्यापेक्षा मुठीची काळजी जास्त: मार्च ते मे कोरड्या वाऱ्यात लाकूड आकसतं, शिंग तडकतं, रिव्हेट सैल पडतात. तिथे फार कोरडं करणाऱ्या वस्तू डब्यात घालूच नयेत.

अंदाजाने चालण्यापेक्षा मोजलेलं बरं. काही शे रुपयांना छोटं डिजिटल हायग्रोमीटर मिळतं, पण स्वस्त मीटर पाच-दहा टक्के इकडेतिकडे दाखवतात. त्याची परीक्षा घरी घेता येते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यावर थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, वर पाणी तरंगू देऊ नका. झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत, एकमेकांना न लागता, बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतली आर्द्रता ७५ टक्के असते, कारण ओल्या मिठावरची हवा तेवढ्यावरच स्थिरावते. मीटर ८१ दाखवत असेल तर तो सहा जास्त दाखवतो, बस्स, तेवढे वजा करत राहायचं. मीटर डब्यात ठेवल्यावर लक्ष्य ४० ते ५० टक्के. लाकूड, शिंग, हाडाची मूठ असेल तर ५० कडे झुकलेलं बरं.

डब्यातलं गणित

घट्ट रबर बसवलेल्या झाकणाचा, भाजीपाला ठेवायला मिळतो तसला मोठा प्लास्टिकचा डबा पुरतो. लोखंडी कपाटच हवं तर डबे त्याच्या आत ठेवा. नव्या प्लायवूडच्या किंवा एमडीएफच्या खणात पातं नुसतं ठेवू नये. त्यातून आणि चिकटपट्टीच्या गोंदातून आम्लाची वाफ येत राहते. रेक्झिनचं किंवा पीव्हीसीचं अस्तर त्याहून वाईट, ते जुनं झालं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघू शकते. पॅकिंगला येतो तो पांढरा ईपीई फोम चांगला. मखमल दिसायला छान, पाणी धरायला त्याहून छान. वर्तमानपत्र नकोच.

सिलिका जेलबद्दल लोकांच्या मनात फार गैरसमज आहेत. पुड्या टाकल्या, काम झालं असं वाटतं. जरा हिशेब करू. २५ अंशांना पूर्ण ओल्या हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण २३ ग्रॅम पाणी असतं. २० लिटरच्या डब्यातल्या हवेत मग अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. आर्द्रता ४० टक्क्यांवर धरायची तर १०० ग्रॅम जेल सुमारे २० ग्रॅम पाणी शोषू शकतं. म्हणजे चाळीसपट! मग जेल दोन आठवड्यांत संपतं कसं? कारण पाणी हवेत नसतंच, ते आत ठेवलेल्या चामड्यात, लाकडात, पुठ्ठ्यात असतं. पावसाळ्यात सादळलेल्या १०० ग्रॅमच्या म्यानात १५ ग्रॅम पाणी सहज असतं. म्यान बाहेर काढलं की तेच जेल सगळा पावसाळा पुरतं, झाकण रोज उघडत नसाल तर.

जेल घेताना निळं टाळून नारिंगी घ्यावं. निळ्यातला रंग कोबाल्ट क्लोराइडचा, तो अंगाला चांगला नाही. नारिंगी भरलं की हिरवट होतं. मग पसरट थाळीत ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास दोन-तीन तास ठेवलं की परत नारिंगी. ते गार करताना उघडं ठेवू नका, नाहीतर गार होता होता पुन्हा हवेतलं पाणी पिऊन बसेल.

तांदळाची पुरचुंडी कामाची नाही. पावसाळ्यातला तांदूळ स्वतःच ओलसर, वर सोंडे आणि पीठ. कापूर ओल शोषत नाही. दुकानात मिळणारा कॅल्शियम क्लोराइडचा ओल ओढणारा डबा कपड्यांच्या कपाटाला ठीक, पात्याजवळ नको. त्याच्या तळाशी साचतं ते मिठाचं पाणी, एकदा कलंडलं की संपलंच. जुन्या घरात कपाटात मंद बल्ब पेटता ठेवत, त्यामागे मात्र अक्कल होती: २५ अंश, ९० टक्के अशी हवा ३० अंशांपर्यंत तापवली की पाणी तेवढंच राहून आर्द्रता ६७ च्या आसपास येते. आता एलईडी बल्बने ती ऊब मिळत नाही, आणि कपड्यांजवळ जुना बल्ब जळता ठेवणं धोक्याचं.

आपल्या गावाला एक सोय आहे, जी इतर संग्राहकांना सहजी मिळत नाही. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या मशीनशॉपमध्ये घासून तयार केलेला स्टीलचा भाग परदेशी जहाजाने जायचा असतो, वाटेत गंजून चालत नाही. तिथे तो व्हीसीआय कागदात गुंडाळतात. या कागदातून हळूहळू निघणारी वाफ धातूवर न दिसणारा थर धरते आणि गंज थोपवते. पिशवी किंवा डबा बंद असेल तर एक-दोन वर्षं सहज जातात. ज्याची ओळख आहे त्याने थोडा मागून आणावा. फक्त विचारून घ्यावं, काही प्रकार पितळ-तांब्याला चालत नाहीत.

तेल: थोडं आणि योग्य

घरात असतं ते लावलं, असं होतं. करडई आणि जवस आपल्या भागाची तेलं, पण दोन्ही हवेत वाळून चिकट पिवळा थर होतात; तो काढायला मग पातं घासावं लागतं. शेंगतेल उशिरा का होईना त्याच वाटेने जातं. खोबरेल थंडीत थिजतं आणि पुढे खवट होतं. खवटपणा म्हणजेच आम्ल. खाण्याची तेलं खाण्यालाच ठेवावीत.

शिलाई मशीनचं तेल हे सगळ्यात सोपं उत्तर. ते खनिज तेल, खवट होत नाही. पातळ असल्याने ओघळून, उडून जातं, म्हणून पावसाळ्यात महिन्यातून एकदा हात फिरवावा लागतो. ज्या सुरीने फळं-भाजी कापायची तिला मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन. वर्षभर हात न लावायच्या वस्तूला उद्यमबागेतलं आरपी ऑइल, म्हणजे गंज थोपवणारं तेल, पण ते खाण्याच्या सुरीला अजिबात नाही. डब्ल्यूडी-४० पाणी हाकलायला उत्तम, राखण करायला अपुरं. फवारून पुसायचं आणि वर दुसरं तेल लावायचं.

कट्यारीसारख्या, वरचेवर हातात घेऊन दाखवायच्या वस्तूला तेलापेक्षा मेण बरं. संग्रहालयांत मायक्रोक्रिस्टलाइन मेण वापरतात. त्यातलं नावाजलेलं रेनेसान्स वॅक्स ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालं. ते वाळल्यावर हाताला चिकटत नाही, धूळ धरत नाही.

लावायची पद्धत एकच. फडक्यावर दोन थेंब, पाठीकडून धारेकडे हात न्यायचा, धारेकडून पाठीकडे कधीच नाही. मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने जवळजवळ पुसून टाकायचं. चकाकी दिसावी, ओघळ दिसू नये. जास्त तेल मुठीच्या तोंडाशी जमतं, आत शिरतं आणि लाकूड फुगवतं.

मुठीबद्दल आणखी एक. जुन्या कट्यारी-खंजिरांची मूठ बहुधा लाखेने किंवा राळेने बसवलेली असते. मुठीच्या आत जाणारी पात्याची शेपटी त्यात घट्ट धरलेली. लाख गरम झाली की मऊ होते, म्हणून असली वस्तू मेच्या उन्हात वाळत घालू नये आणि गरम पाण्याखाली धरू नये. मूठ किंचित हलायला लागली तर आत पाणी गेलंय असं समजावं आणि लगेच जाणत्याला दाखवावं. सांबर किंवा चितळाच्या शिंगाची मूठ कुणी विकायला आणली तर हात जोडावेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तो व्यवहार गुन्हा आहे. म्हशीच्या शिंगाला ती अडचण नाही, पण त्याला कीड लागते. मुठीवर बारीक भोकं आणि खाली भुकटी दिसली तर ती वस्तू आधी इतरांपासून वेगळी काढा.

खंडेनवमीचं काय करायचं

याबाबत माझं मत स्पष्ट आहे: पूजा करावी, पात्यावर करू नये. वर्षभर सांभाळलेल्या पात्याची एका दिवसात सर्वात जास्त नासाडी होते ती आयुधपूजेला. कालवलेली हळद ओली असते आणि वाळेपर्यंत पात्यावर राहते. कुंकू पारंपरिक असेल तर त्यात हळदीसोबत चुना असतो, बाजारातलं असेल तर रंग. तो लाकडी मुठीच्या रेषांत आणि हाडाच्या भेगांत कायमचा बसतो. वर पाणी शिंपडलेली झेंडूची माळ. तिच्यातून रात्रभर पाणी झिरपतं, फुलांखाली हवा खेळत नाही. थेंबाखाली काय होतं ते वर सांगितलंच आहे. कुणी पंचामृताचे थेंब घालतं, त्यातलं दही आंबट. आणि दसऱ्याच्या गडबडीत, सोनं वाटण्यात, जेवणावळीत ही मंडळी पाटावर तशीच राहतात. बेळगावातल्या एका जुन्या जाणत्या लोहाराचं म्हणणं होतं, “पूजा बडवून काढा की ओ, पर दुसऱ्या दिशी पुसायला इसरू नगा.”

साधा उपाय असा. आदल्या दिवशी पातं स्पिरिटने पुसून मेणाचा किंवा तेलाचा हात द्या. पाटावर विड्याची पानं कोरडी पुसून अंथरा आणि त्यांवर स्वच्छ कागद. हळद-कुंकू म्यानाला किंवा पाटाला लावा, पात्याला लावायचंच असेल तर कोरडी चिमूट, कालवलेलं नको. माळ पाटाभोवती घाला. विजयादशमीला संध्याकाळी सगळं पुसून, डब्यात. हाच दिवस वर्षाच्या तपासणीला धरला की विसर पडत नाही. पाऊस तोवर ओसरलेला असतो, आणि जे काही बिघडलंय ते दिसतं.

उसाच्या कोयत्यालाही हेच लागू, जरी तो कुणी संग्रहात धरत नाही. रसाचा चिकटा आंबतो आणि आंबट होतो. गळीत संपलं की धुऊन, वाळवून, तेल लावून ठेवलेला कोयता पुढच्या हंगामात घासण्यात अर्धा दिवस घालवत नाही.

गंज आलाच तर

आधी बघा तो कुठला. राखाडी, निळसर, काळपट रंग, बोटाला न लागणारा, हा गंज म्हणून घासायचा नसतो. कार्बन स्टील वापराने असंच काळवंडतं आणि तो थर थोडीफार राखणही करतो. तांबडा, भुसभुशीत, बोटाला लागणारा तो खरा शत्रू. तो स्वतः पाणी धरून ठेवतो, म्हणून राहू द्यायचा नाही.

रोजच्या वापरातल्या सुरीला तेल लावून सगळ्यात बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासा, पात्याच्या लांबीच्या दिशेने. जुन्या वस्तूला तेवढंही नको. तेल लावून रात्रभर ठेवा, बांबूची काडी किंवा तांब्याचं नाणं घेऊन गंज खरवडा, पुसा, गरज पडली तर पुन्हा. जुन्या फौलादावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते, कोफ्तगिरीत सोन्या-चांदीची तार वरवर बसवलेली असते. पॉलिश पेपरने चार हात मारले की दोन्ही गेलं, परत येत नाही. चिंच, लिंबू, व्हिनेगर तर दूरच.

ग्राइंडरबद्दल तर कडकच सांगतो. बाजारात ‘चकाचक करून देतो’ म्हणणारा ग्राइंडर लावतो तेव्हा धारेजवळचं पातळ स्टील क्षणात तापतं. धारेला दिलेलं पाणी (म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा) साधारण २०० अंशांच्या आसपास मुरवलेलं असतं. त्यापुढे गेलं की कडकपणा उतरतो. पात्यावर निळा रंग चढलेला दिसला म्हणजे तापमान ३०० च्या घरात गेलं. वस्तू चमकते खरी, पण ती आता पत्र्याचा तुकडा आहे. धार लावायची तर पाण्याच्या दगडावर, हाताने, किंवा ज्याच्या घराण्यात शिकलगारी आहे अशा माणसाकडून, समोर उभं राहून.

कुलूप आणि कागद

डबा कुलपात ठेवणं हे मुलांसाठी जितकं, तितकंच कायद्यासाठी. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६ यांत तलवारी, खंजीर, संगिनी आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची अशी हत्यारं, खुकरी आणि किरपाणासकट, वेगळ्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे विळा, सत्तूर, कोयता यांची गोष्ट निराळी आणि शोभेच्या लांब खंजिराची निराळी. परवाना लागतो का, हे वस्तू आणि त्या भागातली अधिसूचना यांवर ठरतं, म्हणून मोठ्या पात्याच्या वस्तूबद्दल वकिलाकडून किंवा पोलीस ठाण्यातून लेखी उत्तर घेऊन ठेवावं. १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू कायदा १९७२ खाली पुरावस्तू ठरू शकते. ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, परदेशातल्या भाच्याला भेट म्हणूनही नाही.

प्रत्येक वस्तूचे दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, शेजारी फूटपट्टी ठेवून. पात्याची लांबी-रुंदी, कुठून आली, कधी आली, बिल असेल तर त्याची प्रत, सगळं एका वहीत. चोरी झाली तर फिर्याद द्यायला हीच वही, आणि विचारणा झाली तर दाखवायलाही हीच.

राहिला प्रवास. सीमाभागात निवडणुका, मोर्चे, अधिवेशन यांच्या काळात जमावबंदीचे आदेश निघतात आणि त्यात हत्यारं बाळगायला मनाई असते. पूर्वी हे १४४ कलमाखाली होत असे, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ कलमाखाली. बेळगावहून कोल्हापूरला वस्तू दुरुस्तीला न्यायची तर आधी असा आदेश आहे का ते बघावं. कोगनोळीच्या नाक्यावर गाडी तपासली गेली आणि सीटखाली उघडा खंजीर सापडला तर तुमचा छंद समजून घ्यायला तिथे कुणाला वेळ नसतो. न्यायचंच असेल तर डिकीत, डबा बंद करून, बिलाची आणि फोटोंची प्रत सोबत, आणि ज्याच्याकडे दुरुस्तीला चाललाय त्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी वर चिकटवून.